मूत्रपिंडाची काळजी : उपकेंद्रापासून डायलिसिसच्या खाटेपर्यंत

पहाटेच्या पहिल्या एसटीने जिल्ह्याच्या गावी उतरणाऱ्या प्रवाशांत एक जोडी आपण कधी तरी पाहिली असेल. वडिलांच्या खांद्यावर शाल, डाव्या हाताच्या कोपराजवळ पट्टीचा तुकडा. शेजारी पिशवी सांभाळणारी सून किंवा मुलगा. पिशवीत जाड फाइल, जेवणाचा डबा आणि मोजक्याच पाण्याची लहान बाटली. ही माणसे आठवड्यातून दोनदा-तीनदा याच गाडीने येतात. जिल्हा रुग्णालयात चार तास डायलिसिसच्या खाटेवर काढतात आणि दुपारच्या गाडीने घरी परततात.

एका पिढीपूर्वी हाच प्रवास मुंबई, पुणे किंवा नागपूरपर्यंत करावा लागे आणि कित्येक घरांना तो परवडत नसे. 2016-17 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली. त्यानंतर जिल्हा रुग्णालयांत दारिद्र्यरेषेखालील रुग्णांना मोफत डायलिसिस मिळण्याची व्यवस्था देशभर उभी राहत गेली. ही सोय मोठी आहे. मात्र डायलिसिसची खाट ही या सेवेची शेवटची पायरी होय. तिच्याआधीच्या पायऱ्या आपल्या घराच्या अधिक जवळ आहेत, त्यांचा खर्च नगण्य आहे आणि त्यांचाच वापर आपण सर्वांत कमी करतो. या लेखात त्या सर्व पायऱ्या क्रमाने पाहू. घरात मधुमेह वा रक्तदाबाचा रुग्ण असेल, तर हा क्रम आपल्याला ठाऊक असलाच पाहिजे.

आजार मुका का असतो?

आपली दोन मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यातील बहुतेक सर्व पुन्हा रक्तात घेऊन दीड-दोन लिटरच लघवीवाटे बाहेर टाकतात. या कामासाठी प्रत्येक मूत्रपिंडात जवळजवळ दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांपैकी निम्म्या निकामी झाल्या तरी उरलेल्या गाळण्या जास्तीचे काम अंगावर घेतात आणि माणसाला काहीच जाणवत नाही. कंबर दुखत नाही, लघवी कमी होत नाही. पायांवर सूज, भूक मंदावणे, मळमळ, सतत थकवा, अंगाला खाज ही लक्षणे दिसू लागतात तेव्हा बराच काळ निघून गेलेला असतो. ‘लघवी तर व्यवस्थित होते, मग मूत्रपिंडाला काय झाले?’ हा प्रश्न कुटुंबीय नेहमी विचारतात. उत्तर असे, की लघवीचे प्रमाण ठीक असूनही तिच्यातून घाण पुरेशी बाहेर पडत नसेल, हे शक्य आहे.

या आजाराची दोन प्रमुख कारणे घरोघरी ठाऊक आहेत : मधुमेह आणि उच्च रक्तदाब. याखेरीज वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, मुतखडा, पुरुषांमध्ये वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी ही कारणेही आढळतात. काही प्रदेशांत मात्र मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या कष्टकरी माणसांतही हा आजार दिसतो. आंध्र प्रदेशातील उद्दानम आणि गोव्यातील काणकोण ही नावे त्या संदर्भात नेहमी घेतली जातात. आपल्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, बुलढाणा, अमरावती भागांत, खाऱ्या पाण्याबरोबर मूत्रपिंडाच्या तक्रारींची चर्चा वर्षानुवर्षे होत आली आहे. अशा आजारामागे उन्हातील कष्ट, शरीरातील पाणी कमी होणे, भूजल अशी अनेक कारणे संशयित आहेत. एकच एक कारण सिद्ध झालेले नाही. अशा भागात राहणाऱ्यांनी आणि भर उन्हात राबणाऱ्यांनी मधुमेहाची वाट न पाहता तपासणी करून घ्यावी.

पहिली पायरी : उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र

तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब व रक्तातील साखर तपासण्याचा कार्यक्रम उपकेंद्रांवर राबवला जातो. त्यासाठी आशा सेविका घरी येऊन कागद भरून नेतात. असंसर्गजन्य आजारांच्या या राष्ट्रीय कार्यक्रमात आता दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचाही समावेश झाला आहे. आशाताई दारात आल्या, की ‘आम्हांला काही झालेले नाही’ म्हणून त्यांना परत पाठवू नये. आजारपण नसताना होते तीच खरी उपयोगाची तपासणी.

मधुमेह किंवा रक्तदाब आधीच असेल, तर वर्षातून एकदा दोन तपासण्या मागून घ्याव्यात. पहिली रक्तातील क्रिएटिनिनची, दुसरी लघवीतून जाणाऱ्या प्रथिनाची, म्हणजे अल्ब्युमिनची. राज्यात ‘महालॅब’ योजनेखाली शासकीय आरोग्य केंद्रांत घेतलेले नमुने प्रयोगशाळेत जातात आणि अहवाल विनामूल्य मिळतो. कोणत्या तपासण्या आपल्या केंद्रावर होतात आणि कोणत्यांसाठी ग्रामीण रुग्णालयात जावे लागेल, हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारावे. गर्दीत डॉक्टरांकडून राहून गेले, तर आपण आठवण करून द्यावी. त्यात संकोच नको.

अहवाल वाचताना एक गफलत वारंवार होते. क्रिएटिनिन 1.3 आले आणि कागदावर त्याच्यापुढे मोठी खूण नसली, की घरातील सगळे निश्चिंत होतात. परंतु हा आकडा वय आणि स्त्री-पुरुष भेद लक्षात घेऊनच वाचावा लागतो. तीस वर्षांच्या पुरुषात 1.3 म्हणजे मूत्रपिंडांची गाळणक्षमता सुमारे 75; सत्तर वर्षांच्या आजींत तेच 1.3 म्हणजे सुमारे 45. या गाळणक्षमतेला ‘ईजीएफआर’ म्हणतात. ती सलग तीन महिने 60 च्या खाली राहिली, तर दीर्घकालीन मूत्रपिंडविकार मानतात. 15 च्या खाली गेली, तर मूत्रपिंडे निकामी होण्याची अवस्था. म्हणून अहवाल हाती आला, की ‘ईजीएफआर किती?’ हा प्रश्न विचारावा.

ज्येष्ठांनी याची दुसरी बाजूही जाणून घ्यावी. वयाबरोबर गाळणक्षमता थोडी कमी होतच असते. पंचाहत्तरीत ती 55 असेल, लघवीत प्रथिने नसतील आणि आकडा वर्षानुवर्षे स्थिर असेल, तर घाबरण्याचे कारण नसते. आकडा किती आहे यापेक्षा तो कोणत्या गतीने उतरतो आहे, हे अधिक बोलके असते. त्यासाठी जुने अहवाल जपून ठेवावेत. एक साधी वही करावी : तारीख, रक्तदाब, वजन, क्रिएटिनिन, ईजीएफआर, लघवीतील प्रथिने. या वहीची पाने चाळून डॉक्टरांना पाच मिनिटांत जे कळते, ते एकट्या अहवालावरून कळत नाही.

याच पायरीवर आजाराची गती रोखता येते. रक्तदाब साधारणपणे 130/80 च्या आत आणि साखर आटोक्यात, एवढे साधले तरी डायलिसिसचा दिवस कित्येक वर्षे पुढे ढकलला जातो. अनेकांच्या बाबतीत तो येतही नाही. रक्तदाबाच्या गोळ्या शासकीय केंद्रांत मोफत मिळतात. त्यांतील काही मूत्रपिंडांचेही रक्षण करतात. म्हणून ‘रक्तदाब आता ठीक आहे’ म्हणून गोळी परस्पर बंद करू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र टाळाव्यात, आणि घटक माहीत नसलेली भस्मे व पुड्या डॉक्टरांना दाखवल्याविना घेऊ नयेत.

दुसरी पायरी : वेळेवर मिळालेली संदर्भचिठ्ठी

ईजीएफआर 30 च्या आसपास उतरला, लघवीत प्रथिने खूप जाऊ लागली किंवा आकडा झपाट्याने घसरू लागला, की मूत्रपिंडतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा लागतो. इथे आपल्या व्यवस्थेची खरी उणीव जाणवते. मूत्रपिंडतज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. जिल्हा रुग्णालयात बहुधा भिषक, म्हणजे फिजिशियन, हेच हा विभाग सांभाळतात. तरीही त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचलेला रुग्ण आणि उशिरा पोहोचलेला रुग्ण यांच्या नशिबात मोठे अंतर पडते.

ते असे. डायलिसिससाठी रक्त वेगाने बाहेर काढावे व परत सोडावे लागते. त्याकरिता हाताची धमनी आणि शीर एका लहान शस्त्रक्रियेने जोडतात. तिला फिस्टुला म्हणतात. हा जोड वापरण्याजोगा व्हायला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. ज्याची तयारी आधी झालेली असते, तो ठरलेल्या दिवशी शांतपणे डायलिसिस सुरू करतो. ज्याची झालेली नसते, तो एखाद्या रात्री धाप लागून, छातीत पाणी भरून रुग्णालयात येतो आणि त्याच्या मानेतील शिरेत नळी घालावी लागते. त्या नळीतून जंतुसंसर्ग होण्याचा धोका कितीतरी मोठा असतो. दोघांचा आजार एकच; फरक काही महिने आधी केलेल्या तयारीचा.

म्हणून संदर्भचिठ्ठी मिळाली, की ‘सुगी उरकली की जाऊ’, ‘दिवाळी होऊ द्या’ असे म्हणू नये. त्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात : फिस्टुला कधी करावा, कावीळ ‘ब’ची लस कधी सुरू करावी आणि कोणत्या हातातून यापुढे रक्त काढू द्यायचे नाही. तो हात राखून ठेवावा. त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, सलाईन लावू देऊ नये, जड पिशवीही अडकवू नये. फिस्टुला झाल्यावर रोज सकाळी त्यावर बोटे ठेवून पाहावे. आत बारीक थरथर जाणवते. ती थांबली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

तिसरी पायरी : डायलिसिसची खाट

आपल्या तालुक्याच्या गावी डायलिसिस का नाही, असा प्रश्न साहजिकच पडतो. यंत्र विकत आणणे त्यातले सोपे काम. डायलिसिसच्या एका फेरीला सुमारे 120 लिटर अतिशुद्ध पाणी लागते. नळाचे पाणी चालत नाही. त्यासाठी शुद्धीकरणाचा स्वतंत्र संच, त्याची नियमित तपासणी, अखंड वीज आणि प्रशिक्षित तंत्रज्ञ हवेत. कावीळ ‘ब’ झालेल्या रुग्णांसाठी वेगळे यंत्र ठेवावे लागते. यांतील एक कडी निसटली, की यंत्र असूनही खाट रिकामी राहते. तरीही काही उपजिल्हा रुग्णालयांत आता ही सोय आहे. आपल्या घरापासून सर्वांत जवळचे केंद्र कोणते, याची चौकशी जिल्हा रुग्णालयात करावी.

पैशांची बाजूही नीट समजून घ्यावी. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क झाले आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिसचा समावेश असून योजनेतील खासगी रुग्णालयांतही त्याचा लाभ घेता येतो. अशा रुग्णालयांत ‘आरोग्यमित्र’ बसतात. शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन आधी त्यांनाच भेटावे. सत्तर वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी ऑक्टोबर 2024 पासून ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळू लागले आहे. त्यात उत्पन्नाची अट नाही आणि वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. कार्ड आजारपण येण्याआधीच काढून ठेवावे. अतिदक्षता विभागाच्या दारात उभे राहून आधारवरील चुकीची जन्मतारीख दुरुस्त करून घेणे फार जड जाते.

उपचार मोफत झाले, तरी प्रवास मोफत होत नाही. आठवड्याला तीन फेऱ्या म्हणजे वर्षाला दीडशेहून अधिक वेळा जाणे-येणे, आणि सोबत येणाऱ्याचा तेवढाच बुडालेला रोज. फेऱ्या चुकण्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. एसटीच्या प्रवाससवलतीत डायलिसिसच्या रुग्णांचा समावेश आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत, तर 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना आणि सर्व महिलांना अर्ध्या भाड्यात करता येतो. रेल्वेही मूत्रपिंडाच्या रुग्णाला व एका सोबत्याला उपचारासाठीच्या प्रवासात भाडेसवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातील दाखला लागतो. सवलतीची कागदपत्रे कोणती, हे आगारात आणि स्थानकावर आधीच विचारून घ्यावे.

ज्यांना इतका प्रवास शक्य नाही, त्यांच्यासाठी पोटातून करावयाच्या डायलिसिसचा पर्याय आहे. पोटात बसवलेल्या मऊ नळीतून द्रव सोडायचा, काही तासांनी काढायचा, असे दिवसातून तीन-चार वेळा घरीच करतात. स्वच्छ खोली, धुतलेले हात आणि एक जबाबदार माणूस एवढी त्याची अट असते. राष्ट्रीय कार्यक्रमात 2019 पासून ही पद्धतही समाविष्ट आहे. दुर्गम पाड्यावर वा डोंगरातील वाडीवर राहणाऱ्या कुटुंबाने या पर्यायाबद्दल आवर्जून विचारावे.

घरातील चौथी पायरी

डायलिसिसचे तीन दिवस मिळून बारा तास होतात. आठवड्याचे उरलेले 156 तास रुग्ण घरच्यांच्या स्वाधीन असतो. त्या तासांत पाणी, मीठ आणि पोटॅशियम या तीन गोष्टी सांभाळायच्या असतात.

पाण्याची मर्यादा डॉक्टर ठरवतात. आदल्या दिवशी झालेली लघवी अधिक अर्धा लिटर, असा सर्वसाधारण हिशेब असतो. चहा, ताक, आमटी, पेज हे सगळे त्यातच मोजायचे. एक सोपी युक्ती अशी : सकाळी तेवढे पाणी एका बाटलीत भरून ठेवावे. चहा घेतला, की कपभर पाणी बाटलीतून काढून टाकावे. बाटली रिकामी झाली, की दिवसाचा शिधा संपला. मीठ कमी असेल, तर तहानही कमी लागते. लोणचे, पापड, फरसाण, सुकी मासळी दूर ठेवावी. सैंधव चालते, हा समज चुकीचा आहे, तेही मीठच. ‘कमी सोडियमचे’ म्हणून विकले जाणारे मीठ तर अधिक घातक, कारण त्यात पोटॅशियम असते.

पोटॅशियम वाढले, तर हृदय अचानक थांबू शकते. नारळपाणी आजाऱ्यासाठी पौष्टिक, अशी आपली जुनी समजूत. पण या रुग्णाला ते विषासमान ठरू शकते. केळी, संत्री-मोसंबीचे रस, सुका मेवा यांनाही आवर हवा. कमरख तर पूर्ण वर्ज्य. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळाव्यात, ते पाणी टाकून द्यावे आणि मग फोडणी द्यावी. पथ्य मात्र एवढे कडक करू नये, की माणूस खाणेच सोडेल. डायलिसिस सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज वाढते. अंडे, पनीर, मासे किती द्यावेत, हे आहारतज्ज्ञांना विचारावे.

पावसाळ्यात रस्ता बंद होईल, पोळ्याला गाडी मिळणार नाही, असे दिवस आधी ओळखून केंद्राशी बोलून फेरी बदलून घ्यावी. शहरातल्या मुलाकडे जायचे असेल, तर तिथे खाट मिळाल्याची खात्री झाल्यावरच निघावे आणि उपचाराचा सारांश, अपेक्षित वजन व काविळीच्या तपासण्यांचे अहवाल बरोबर न्यावेत. आडवे झाल्यावर धाप लागणे, हातपाय एकाएकी लुळे वाटणे, छातीत धडधड, थंडी वाजून ताप, फिस्टुलातून न थांबणारा रक्तस्राव, यांपैकी काहीही झाले, तर पुढच्या फेरीची वाट न पाहता 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दोन अवघड प्रश्न

पहिला प्रत्यारोपणाचा. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्रे आहेत. मेंदूमृत दात्याच्या मूत्रपिंडासाठीच्या प्रतीक्षायादीत रुग्णालयामार्फत नोंद करता येते. नोंदणीची 65 वर्षांची वयोमर्यादा 2023 मध्ये काढून टाकण्यात आली. शरीर शस्त्रक्रिया सोसेल का, हे डॉक्टर ठरवतात. म्हणून ‘आता या वयात कोण घेणार’ असे स्वतःच ठरवून टाकू नये.

दुसरा प्रश्न घरात कुणी उच्चारत नाही : डायलिसिस सुरू करावेच का? ऐंशीच्या पुढील, हृदयविकार वा विस्मृतीने आधीच थकलेल्या व्यक्तीला डायलिसिसने मिळणारे आयुष्य पुष्कळदा थोडे असते आणि त्यातील बराच भाग प्रवासात व खाटेवर जातो. अशा वेळी डायलिसिस न करता औषधांनी धाप, खाज, मळमळ, वेदना आवरत घरी राहणे हाही वैद्यकशास्त्राने मानलेला मार्ग आहे. काही जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी उपशामक सेवाही मिळते. तो मार्ग निवडणाऱ्या मुलांनी वडिलांना वाऱ्यावर सोडले, असे कुणी समजू नये. परंतु हा निर्णय ज्याचा आहे, त्याला विचारूनच व्हावा. तोही धाप लागलेली नसताना, घरातल्या निवांत संध्याकाळी.

तशी वेळ शक्यतो येऊच नये, हे पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. येत्या आठवड्यात घरातील मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकाचे जुने अहवाल काढून पाहा. क्रिएटिनिनची आणि लघवीच्या प्रथिनाची तपासणी होऊन वर्ष उलटले असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन ती करून घ्या. चमचाभर रक्त आणि बाटलीभर लघवी, इतकीच ती मागणी असते. पहाटेच्या एसटीतील त्या खुर्चीपासून आपल्या माणसाला दूर ठेवण्याची सुरुवात तिथूनच होते.